कॅम्परसाठी जुनी ईको: आधी मॅटिंग उचलून बघा

दोन माणसांसाठी, घाटातल्या अरुंद रस्त्यांवर फिरणारा आणि कुठल्याही तालुक्याच्या गावात दुरुस्त होणारा कॅम्पर (आतच झोपायची सोय केलेली गाडी) हवा असेल, तर बेळगाव भागात जुन्या मारुती ईकोला सध्या तोड नाही. चौघांचं कुटुंब असेल तर नाद सोडा आणि सरळ टाटा विंगर किंवा फोर्स ट्रॅव्हलरसारखी मोठी व्हॅन बघा. ईकोत उभं राहता येत नाही आणि रुंदीत आडवं झोपताही येत नाही. गाडी बाहेरून 3675 मिमी लांब आणि 1475 मिमी रुंद आहे, त्यामुळे झोपायचं ते लांबीतच.

2010 साली आलेल्या ईकोत 1196 सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. 2022 च्या अखेरीपासून नवं 1197 सीसीचं इंजिन येतं. कॅम्परसाठी जुनंही पुरतं. पाच सीटवाली घ्या, सीएनजीवाली नको. सीएनजीची टाकी मागची जागा खाते, आणि तिथेच तर आपल्याला बिछाना टाकायचाय.

गाडी बघायला गेल्यावर बहुतेक जण आधी इंजिन चालू करून ऐकतात. इंजिन बांधून घेता येतं, सडलेला फ्लोअर मात्र परवडत नाही. म्हणून पहिल्यांदा मॅटिंग पूर्ण उचलायला लावा. मालक कां-कूं करू लागला तर समजायचं ते समजा. मागच्या चाकांवरच्या कमानी, फ्लोअरचे जोड, सरकत्या दरवाजाचा खालचा चॅनल आणि पुढच्या काचेखालचा पत्रा या चार जागी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो. गाडीच्या तळाला नवीन काळा अंडरकोट (गंजरोधक लेप) दिसला तर तो खरवडल्याशिवाय विश्वास ठेवू नका. किनाऱ्याकडून मासळी आणणारी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नकोच. बर्फाचं खारं पाणी जोडांत मुरतं आणि रंगाखालून गंज वर्षानुवर्षं चालूच राहतो. शाळेच्या मुलांना नेणाऱ्या गाडीचा फ्लोअर बरा निघतो, पण दरवाजाचे रोलर झिजलेले असतात. दरवाजा अर्धा उघडून वर उचलून बघा, लटलट हलला तर रोलर बदलायचे. ते काम फार खर्चाचं नाही.

बिछान्याच्या सांगाड्याला 25 × 25 मिमीचा, दीड-दोन मिमी जाडीचा चौकोनी पाइप पुरे. कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सगळं एका फेरीत होतं. फ्लोअरला नवीन भोकं पाडू देऊ नका, खालून ब्रेकच्या नळ्या आणि पेट्रोलची लाइन जाते. मागच्या सीटचे मूळ बोल्टच वापरा. वर 12 मिमीचा, आयएस 710 या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा मरीन प्लाय लावा. 8 × 4 फुटांचे दोन शीट लागतात, एकेकाचं वजन वीस किलोच्या वर भरतं. उंची फ्लोअरपासून 35 सेमी ठेवली तर खाली सामान बसतं.

एक गोष्ट सुताराला दोनदा बजावून सांगा. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, म्हणून बिछान्याचा पुढचा भाग बिजागरीचा हवा. सीट पुढे सरकवल्या की तो उघडून सहा फूट लांबी मिळाली पाहिजे. कायमचा ठोकून टाकला तर साधं सर्व्हिसिंग करायलाही अर्धा बिछाना उपसावा लागेल.

ओल ही या भागातली खरी परीक्षा. कणकुंबी, आंबोलीकडच्या पावसात काचा बंद करून दोघं झोपले की श्वासातली वाफ पत्र्यावर पाणी होऊन साचते. ग्लासवूल ते पाणी धरून ठेवते आणि थर्माकोलच्या फटींत बुरशी येते. एसीच्या डक्टला लावतात तो काळा नायट्राइल रबर फोम घ्या, 13 किंवा 19 मिमीचा, आणि पत्र्याला पूर्ण चिकटवा. मध्ये हवेचे खिसे राहिले तर त्यांच्यामागे गंज धरतो. दरवाजांच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात, तेवढी मात्र मोकळी ठेवा. ती बुजली तर एका पावसाळ्यात दरवाजा खालून फुगतो.

घरातली इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी मागे ठेवायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका. 150 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सोडते, तोही तुम्ही झोपता त्याच डब्यात. 12.8 व्होल्ट, 100 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 1280 वॉट-तास देते. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण 400 खातो, पंखा, दिवे, फोन आणि लॅपटॉप मिळून अडीचशे. म्हणजे ऊन नसलं तरी दीड दिवसाच्या वर निघतो. छतावरचं 100 वॉटचं पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला पावणेचारशेच्या आसपास देतं, जुलैत त्याच्यावर भिस्त ठेवू नका. म्हणून आल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावरून, बॅटरी बेताने भरणारा 20 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवाच. लिथियम थेट जोडली तर ती भरमसाट करंट ओढते आणि आल्टरनेटर तापून जातो. वायर 10 चौरस मिमीची टाका. चार मीटर अंतराला 4 चौरस मिमीच्या वायरीत जाऊन-येऊन जवळपास 0.7 व्होल्ट पडतात, 10 मध्ये 0.3 च्या आत. गाडीची मूळ आणि ही नवी, दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलजवळच 30 अँपिअरचा फ्यूज लावा. नवी बॅटरी इंजिनच्या उष्णतेपासून लांब, मागच्या बाजूला ठेवा.

स्वयंपाक मागचा दरवाजा वर करून बाहेरच करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर फ्लोअरवर साचून राहतो.

वजनाचा हिशेब आधी मांडा. दोन माणसं, चाळीस लिटर पाणी, प्लाय, लोखंड, बॅटरी, फ्रिज आणि सामान धरून साडेतीनशे किलोच्या आत राहा. गाडी त्याहून जास्त उचलते, पण गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या उतारावर भरलेल्या ईकोचे ब्रेक लवकर तापतात.

कागदपत्रांत सीमाभागाचा वेगळा घोळ आहे. कोल्हापूर पासिंगची एमएच 09 गाडी स्वस्त मिळते, पण बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ कर्नाटकात ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. फॉर्म 28 ची एनओसी (जुन्या आरटीओची ना-हरकत), मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, नव्या नंबरसाठी फॉर्म 27, आणि इथला रोड टॅक्स वेगळा. तो टॅक्स धरला की बेळगाव पासिंगची, केए 22 ची जरा महाग गाडी बऱ्याचदा स्वस्त पडते. छत कापणं, सीट कायमच्या काढणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली बदल ठरतात. ते करायचेच असतील तर आरटीओची परवानगी आधी घ्या, विमा कंपनीलाही लेखी कळवा. आणि एमएच गाडी घेणारच असाल, तर एनओसी हातात पडेपर्यंत मालकाला पूर्ण पैसे देऊ नका.