डीडीरेस्क्यू: सात महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. मार्चमध्ये, सौदे ऐन भरात असताना, दुकानातल्या कॉम्प्युटरची ५०० जीबीची हार्ड डिस्क बसली. ६ वर्षांच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब), शेतकऱ्यांच्या उचली, सगळं तिच्यात. पेनड्राइव्हवरचा बॅकअप दिवाळीचा. दुरुस्तीला बोलावलेल्याने सरळ चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, लावलं. ते रात्रभर चाललं आणि सकाळी टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, फोल्डरच दिसेना. हात जोडून सांगतो, मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क लावू नका. दुरुस्ती करताना ते त्याच डिस्कवर लिहीत असतं.

मग मी डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कमधला डेटा वाचवणारा प्रोग्रॅम हाती घेतला. फुकट आहे, आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच एक प्रणाली) सुरू करून चालवता येतं. ते फाइली शोधत बसत नाही, अख्ख्या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढतं. सहज वाचता येईल ते आधी उचलतं, अडलेला भाग सोडून पुढे जातं आणि खराब सेक्टरशी (डिस्कच्या न वाचता येणाऱ्या बारीक तुकड्यांशी) झटापट शेवटी करतं. मला हे फार पटलं, कारण दुखरी डिस्क अजून किती तास तग धरेल याचा भरवसा नसतो.

पहिल्या संध्याकाळी ९९ टक्के आलं. उरलेल्या एका टक्क्याला दोन रात्री गेल्या. वेग शून्यावर यायचा, डिस्क घरघरायची, मग आकडा किंचित हलायचा. दुसऱ्या रात्री लाइट गेली आणि पोटात गोळा आला. पण कुठवर वाचून झालं याची नोंद मॅपफाइलमध्ये असते. तीच कमांड पुन्हा दिली आणि काम तिथूनच पुढे सुरू झालं. ही मॅपफाइल नक्कल ठेवता त्याच डिस्कवर ठेवा. पेनड्राइव्हच्या लिनक्समध्ये डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल बहुतेक वेळा रॅममध्येच असते, लाइट गेली की तीही गेली. नकलेची डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, तिच्यात ४ जीबीची एक फाइलही मावत नाही.

टॅलीचा डेटा शेवटी नकलेतल्या 'फाउंड' नावाच्या लपलेल्या फोल्डरात मिळाला. चेकडिस्कनेच तो तिथे नेऊन टाकला होता! काही व्हाउचर उघडली नाहीत, ती पट्टीबुकाच्या कार्बन कॉपीवरून पुन्हा भरली.

जूनमध्ये मित्राची डिस्क आली, टक-टक वाजणारी. तिथे हे चालत नाही. तबकडी वाचणारं हेड गेलेलं असलं तर प्रत्येक वेळी चालू करताना तबकडीवर ओरखडे पडू शकतात. बंद ठेव आणि जिथे धूळविरहित खोलीत डिस्क उघडतात तिथेच दे, एवढंच त्याला सांगितलं.

तिसरी चुलतभावाची, लग्नाच्या फोटोंची. नक्कल पूर्ण निघाली, पण फाइलींची यादीच उडालेली, म्हणून नकलेवर फोटोरेक हा हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवला. ते फोटो ओळखून काढतं, नावं आणि फोल्डर मात्र परत देत नाही. हळद, साखरपुडा, बारसं, सगळं एका ढिगात. फोटोच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख शाबूत होती, त्यावरून वहिनी अजून एकेक कार्यक्रम वेगळा लावतायत.