हवा मोजायचं छोटं मीटर: प्युरिफायरच्या आधी हे घ्या

जालन्यात आमचं घर स्टीलच्या कारखान्यांच्या बाजूला आहे, रात्री धूर खाली उतरला की सकाळी खिडकीच्या गजावर काळा थर, म्हणून हे पीएम २.५ (म्हणजे हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे एकदम बारीक कण) दाखवणारं हातात मावणारं मीटर ऑनलाइन मागवलं आणि आता भेटेल त्याला घ्या म्हणून सांगायलो.

बाहेरचं माहीतच होतं, धक्का बसला तो किचनमध्ये. खिडकी बंद ठेवून आईनं ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या भाजल्या तर आकडा बघता बघता २०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या पार!! एक्झॉस्ट लावून खिडकी उघडली तसा उतरला. आपल्याकडं २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे, डब्ल्यूएचओची २०२१ पासून १५. आता आई एक्झॉस्ट लावल्याशिवाय फोडणीच टाकत नाही.

लोकांला वाटतं धूर म्हणजे फक्त फुफ्फुसं. २०१३ मध्ये आयएआरसीनं (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) बाहेरच्या प्रदूषित हवेला कॅन्सरकारक ठरवलं ते मुख्यतः फुफ्फुसाच्या कॅन्सरवरूनच, पण श्वासातले बरेच कण कफात अडकतात आणि तो कफ आपण नकळत गिळतो, म्हणजे कणांला चिकटलेली रसायनं अन्ननलिका, जठर, आतड्यापर्यंत जातात, आणि वर्षानुवर्षं असं चाललं तर तिथल्या कॅन्सरचा धोकाही वाढू शकतो असं काही अभ्यासांत दिसलंय. पुरावा फुफ्फुसाइतका पक्का नाही, आणि अन्ननलिकेसाठी तंबाखू-दारू त्याहून कितीतरी मोठं कारण, ते आधी सोडा. पण धूर लहान लेकरांच्याही पोटात जायलाय ना, त्यांनी कुठं तंबाखू खाल्ली. जालना, लातूर, संभाजीनगर तिन्ही शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा खराब असलेल्या शहरांच्या, यादीत आहेत ते उगाच नाही. गल्लीत प्लास्टिक जाळायलेत त्यांला मी आता आकडाच दाखवतो, बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग होतोय.

कमी काय म्हणाल तर बॅटरी लवकर उतरते, चार्जरला लावूनच ठेवावं लागतं. धुकं किंवा पावसाळी दमट हवा असली की आकडा फुगतो. उलट रस्त्यावरची जाडी धूळ, जी आपल्याकडं उन्हाळ्यात तोंडात कचकचते, ती याला नीट पकडताच येत नाही, त्यामुळं पीएम १० च्या (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या) आकड्यावर जाऊ नका. महागड्या मॉडेलमध्ये फॉर्मल्डिहाइड (एक घातक वायू) वगैरे पण दाखवतेत, अगरबत्ती नाहीतर सेंट मारला तरी ते उड्या मारतं, त्याला जास्तीचे पैसे घालू नका, साधं पीएम २.५ वालं बास. माझ्याकडून ४ स्टार.