'कमांड परफॉर्मन्स' की 'ज्युबिली'?

जुन्या अमेरिकी रेडिओचा नाद लागलेला माणूस कधीतरी फौजी कार्यक्रमांपर्यंत येतोच, आणि मग प्रश्न पडतो की 'कमांड परफॉर्मन्स' आणि 'ज्युबिली' या दोघांतलं आधी काय ऐकावं. दोन्ही दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेले, अमेरिकी फौजेच्या आर्म्ड फोर्सेस रेडिओ सर्व्हिसचे, अर्ध्या अर्ध्या तासाचे. सोळा इंची तबकड्यांवरून, म्हणजे आपल्या एलपीपेक्षा चार इंच मोठ्या, ते देशोदेशीच्या छावण्यांत पोचायचे. बातम्यांच्या आशेने आलात तर मात्र हाती फार लागणार नाही. त्या शॉर्टवेव्हवरून जायच्या आणि दुसऱ्या दिवशी शिळ्या व्हायच्या.

मी 'कमांड'पासून सुरुवात केली. विविध भारतीची 'जयमाला' ऐकत वाढल्यामुळे जवानांची फर्माईश हा प्रकार घरचाच वाटला. फक्त आपला जवान गाणं मागायचा. इथे कुणाला नटी ॲन मिलरचा टॅप डान्स हवा, तोही लष्करी बूट घालून. कुणाला नटी कॅरोल लँडिसचा नुसता उसासा पुरे. आणि ते ऐकवलंही जायचं! जपानच्या शरणागतीनंतरचा १५ ऑगस्ट १९४५ चा खास भाग तर चुकवूच नका. त्यात गायक बिंग क्रॉस्बी थट्टामस्करी बाजूला ठेवून बोलतो.

माझं बिनसलं ते विनोदांवरून. गायक सिनात्रा आला की त्याच्या काडीपैलवान देहावर, विनोदवीर बॉब होप आला की त्याच्या नाकावर, क्रॉस्बी आला की त्याच्या हरणाऱ्या घोड्यांवर. युद्ध संपलं, पोरं घरी गेली, कार्यक्रम पुढे १९४९ पर्यंत चालला, पण या विनोदांना काही रजा मिळाली नाही. पुढे ढकलावं म्हटलं तर हशा ओसरतो न ओसरतो तोच गाणं सुरू होतं, आणि पहिली ओळ हमखास हुकते. दोन-तीनदा मागे-पुढे करून शेवटी मी तो भागच बंद करायचो. एखाद्याला याचं काही वाटणारही नाही म्हणा.

'ज्युबिली'तही बडबड आहेच. निवेदक अर्नी 'बबल्स' व्हिटमन भलताच उत्साही, आणि टाळ्या कधीकधी मागाहून चिकटवल्यासारख्या वाटतात. पण काउंट बेसीचा जॅझ बँड सुरू झाला की सगळं माफ. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या तुकड्या असलेल्या फौजेत, १९४२ साली, काळ्या सैनिकांसाठी हा कार्यक्रम निघाला. ड्यूक एलिंग्टन, लीना हॉर्न या काळ्या कलाकारांना इथे पाहुणे म्हणून दोन मिनिटं मिळत नाहीत, घर त्यांचंच असतं. युद्धानंतर गोरे कलाकार वाढले. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी फौजेतला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला, तरी कार्यक्रम १९५३ पर्यंत टिकला. मला विचाराल तर १९४६-४७ पर्यंतचे भाग जास्त रसरशीत, पण हा माझ्या कानांचा हिशेब.

एकच निवडायचं असेल तर मी 'ज्युबिली'कडे बोट दाखवीन. 'कमांड'चे नाताळचे भाग मोबाइलवर अजून आहेत. बाकीचे मागच्या पावसाळ्यात काढून टाकले.