दोनशे रोपे, चार उन्हाळे : एका रोपवाटिकेतील चारावृक्षांविषयी

शिंदखेडा तालुक्यातील आमच्या बरड जमिनीत 2021 च्या जूनमध्ये आम्ही चाऱ्याच्या झाडांची दोनशे रोपे लावली. ती धुळे जिल्ह्यातीलच एका खासगी रोपवाटिकेतून आणली होती. पावसाळ्यात सगळेच हिरवे दिसते, त्यामुळे तेव्हा मत देण्यात अर्थ नव्हता. चार उन्हाळे उलटल्यावर आता लिहीत आहे. घरी दोन म्हशी, एक बैलजोडी आणि चौदा बकऱ्या आहेत. 2018 मध्ये राज्यातील 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि त्यापुढच्या उन्हाळ्यात दादर ज्वारीचा कडबा मिळेल त्या भावाने विकत घेत, सरकीची ढेप उधारीवर आणत जे दिवस काढले, ते पुन्हा पाहायचे नाहीत म्हणून हा खर्च केला. पीक बुडाले की कडबाही बुडतो; मूळ खोल गेलेले झाड मात्र वैशाखातही पाला देते, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

ऐंशी सुबाभूळ, साठ अंजन, तीस महारुख आणि तीस गिरीपुष्प अशी ती मागणी होती. रोपामागे पंचवीस रुपये पडले आणि रोपे टेम्पोने बांधापर्यंत आली. मालकांचा सांगण्यासारखा गुण असा की, मी वेडी बाभूळही मागितली होती, ती त्यांनी दिली नाही. ‘‘दादा, शेंगा बकऱ्या आवडीने खातील, पण पाल्याला तोंड लावणार नाहीत, आणि शेण-लेंड्यांतून बी शेतभर झाले की तुमच्या मुलांनाही ते काढून टाकता येणार नाही,’’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले. विक्री सोडून असा सल्ला देणारा माणूस विश्वासाचा वाटतो, आणि पुढे जी तक्रार मी करणार आहे, ती हा विश्वास गमावून केलेली नाही.

सुबाभळीची रोपे उत्तम निघाली. ऐंशीपैकी त्र्याहत्तर जगली, दुसऱ्या पावसाळ्यापासून कमरेच्या उंचीवर कापणी सुरू झाली, आणि पावसाळा-हिवाळ्यात मिळून वर्षाला तीन कापण्या होतात. मणिभाई देसाई यांच्या उरुळी कांचनच्या बायफ संस्थेने सत्तरच्या दशकात हे झाड शेतकऱ्यांपर्यंत नेले, ते उगाच नव्हे. वाळलेल्या पाल्यात साधारण 20 ते 25 टक्के प्रथिने असतात, तर ज्वारीच्या कडब्यात ती 3-4 टक्क्यांच्या आसपास. परंतु या पाल्यात मिमोसीन नावाचे विषारी द्रव्य असते आणि एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त सुबाभूळ जनावरांना घालू नये, ही गोष्ट रोपवाटिकेत कोणी सांगितली नाही. पहिल्या कापणीच्या आनंदात आम्ही बकऱ्यांना जवळजवळ महिनाभर तोच पाला घातला. एका पाठीच्या, म्हणजे तरुण बकरीच्या, अंगावरून हात फिरवला, तर केसांचा पुंजका बोटांत आला. पशुवैद्यकांनी पाला बंद करायला सांगितला, कडबा आणि बोरीचा पाला सुरू केला, आणि दीड महिन्यात तिची कातडी पुन्हा भरली. आता कुट्टीत एक वाटा सुबाभूळ आणि दोन वाटे कडबा असे प्रमाण ठेवतो. शेंगा पिकण्याआधीच कापणी करतो, नाहीतर बी झडून हे झाडही शेजारच्या रानात माजते.

खरी तक्रार अंजनाविषयी आहे, आणि अंजन हेच या जमिनीचे झाड असल्यामुळे ती सविस्तर लिहायला हवी. सातपुड्याच्या पायथ्याशी, खडकाळ उतारावर, जिथे दुसरे झाड तग धरत नाही तिथे अंजन उभे असते. आपट्यासारखी जोडपाने, वरून खाली झुकलेल्या बारीक फांद्या आणि कुऱ्हाडीला दाद न देणारे लाकूड, ही त्याची ओळख. फाल्गुनाच्या आसपास थोडे दिवस ते निष्पर्ण होते आणि चैत्रात, बाकीचे रान करपलेले असताना, त्याला कोवळी पालवी फुटते. गुरे-बकऱ्या ती मनापासून खातात. म्हणून सगळ्यात जास्त आशा मी या साठ रोपांवर ठेवली होती. दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांतली एकोणीसच उरली.

मेलेले एक रोप उपटले, तेव्हा कारण हातात आले. माती झटकली, तर मूळ खाली गेलेलेच नव्हते. पिशवीच्या बुडाशी त्याचे चुंबळीसारखे वेटोळे झाले होते आणि दोन वर्षांत ते वेटोळे सुटले नव्हते. आणखी पाच रोपे उकरून पाहिली, पाचही तशीच. अंजनाचे रोप पहिली वर्षे वर फारसे वाढत नाही, सगळी शक्ती सोटमुळात घालते, आणि त्या मुळाला ओलीपर्यंत पोचायचे असते. आम्हाला मिळालेली रोपे वीतभर पिशवीत, तीही आदल्या वर्षीपासून ठेवलेली होती. वर पाने टवटवीत, बुडाशी मात्र रोप अडकलेले. घेताना हे आम्हाला ओळखता आले नाही, पण रोपवाटिका चालवणाऱ्याला ते ठाऊक असायला हवे.

मालकांना ती मुळे नेऊन दाखवली. त्यांनी वाद घातला नाही, मेलेल्या रोपांचे पैसे परत देऊ केले. मी पैशांऐवजी त्या हंगामाचे ताजे बी मागितले आणि पावसाच्या तोंडावर एकेचाळीस खड्ड्यांत प्रत्येकी तीन बिया टोचल्या. पावसाळ्यानंतर एका ठिकाणचे जादा रोप, दोन बोटे उंचीचे, जपून उकरले, तर मूळ माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब आणि सरळ होते. त्या एकेचाळीस खड्ड्यांपैकी चौतीस ठिकाणी आज झाड आहे. उंची अजून गुडघ्याएवढी, त्यामुळे काट्यांचे कुंपण काढलेले नाही आणि पाल्याला हात लावलेला नाही.

महारुखाबद्दल चांगलेच बोलायचे आहे. गुजरात-राजस्थानात अरडू म्हणून मेंढपाळ ज्याला जपतात तेच हे झाड. तीसपैकी सव्वीस रोपे जगली, चौथ्या वर्षी डोक्याच्या वर गेली, आणि बकऱ्या त्याचा पाला पहिल्या दिवसापासून खातात. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातली चार मात्र पहिल्याच पावसात गेली. गिरीपुष्प आमच्या कामाचे फारसे ठरले नाही. त्याच्या ताज्या पाल्याच्या वासाने बकऱ्या तोंड फिरवतात. अर्धा दिवस सावलीत सुकवला तर म्हशी खातात. बांधावर खतासाठी ते ठीक आहे, चाऱ्यासाठी त्यावर पैसे घालायची गरज नव्हती.

या रोपवाटिकेतून सुबाभूळ आणि महारुख मी पुन्हा घेईन, आणि इतरांनीही निःशंक घ्यावेत. अंजनाचे रोप घ्यायचेच असेल, तर हातभर लांबीच्या पिशवीतले आणि त्याच वर्षीचे आहे का हे विचारावे, आणि पैसे देण्याआधी एक पिशवी फाडून मूळ पाहू द्यावे असा आग्रह धरावा. यंदा मी गेलो तेव्हा मालकांनी स्वतःच एक फाडून दाखवली. तरीही उरलेल्या सात खड्ड्यांसाठी मी रोपे घेतली नाहीत. बहिणीच्या शेताच्या बांधावर एक जुने अंजन आहे, त्याच्या चपट्या शेंगा आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, वाऱ्याने झडू लागतात, आणि त्या वेचायला मुलांना सांगून ठेवले आहे.