डीप फ्रीझरची लाइन: सगळ्यांना मिळून एक आरसीसीबी, की प्रत्येकाला आपला आरसीबीओ?

गाळ्याचं वायरिंग नव्याने करायला घेतलं की वायरमन दोन पर्याय पुढे ठेवतो. अख्ख्या किचनला 30 मिलिअँपिअरचा एकच आरसीसीबी (करंट कुठे गळला की पडून लाइन तोडणारा स्विच) आणि त्याच्यापुढे एमसीबींची (करंट जास्त झाला की पडणाऱ्या स्विचची) रांग. किंवा प्रत्येक डीप फ्रीझरला स्वतंत्र आरसीबीओ (ही दोन्ही कामं एकटा करणारा स्विच). नेरूळच्या माझ्या खानावळीत आधी पहिलं होतं, आता दुसरं आहे.

पहिल्याला नावं ठेवण्यासारखं फारसं नाही. खर्च कमी, डीबी (स्विचची पेटी) लहान, वायरमनचं काम लवकर उरकतं. एकच फ्रीझर आहे, मालक दिवसभर गल्ल्यावर आहे आणि रात्री माल फारसा उरत नाही, अशा ठिकाणी बहुधा तेवढ्यावर भागेल.

आमच्याकडे फ्रीझरमध्ये सुरमई, कोळंबी, बांगडा असतो आणि रात्री किचनमध्ये कोणी नसतं. वेट ग्राइंडर, बेन मारी (गरम पाण्यावर जेवण गरम ठेवणारं यंत्र), फ्रीझरचा डिफ्रॉस्ट हीटर, प्रत्येकातून थोडं लीकेज, म्हणजे करंटची गळती, होतच असतं. एकेकटं बघितलं तर काळजीचं कारण नाही, पण आरसीसीबी सगळ्यांची बेरीज बघतो. शिवाय 30 चा आरसीसीबी 15 च्या पुढे कधीही पडू शकतो. पावसाळ्यात खाडीकडची दमट हवा, त्यात रात्री फरशी धुतलेली. ग्राइंडरच्या प्लगमध्ये ओल गेली की फ्रीझरही बंद.

स्विच पडतो याचा मला तितका त्रास नव्हता. सकाळी पहिला आलेला मुलगा तो वर करून कामाला लागायचा, याचा होता. दुपारपर्यंत फ्रीझरवर पुन्हा उणे 18 दिसतं आणि रात्री काय झालं याचा पत्ताच लागत नाही. आम्हाला कळलं ते पिशव्यांवरून: कोळंबीच्या सुट्या ठेवलेल्या पिशव्या एकमेकींना चिकटून एक लादी झालेली, तळाशी गुलाबी पाण्याचा बर्फ. तो माल टाकून दिला. गिऱ्हाइकाच्या ताटात काय जातंय याची खात्री नसेल तर स्वस्त वायरिंगचा काय उपयोग? माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

आरसीबीओ एमसीबीपेक्षा बराच महाग पडतो आणि डीबीत जागाही जास्त खातो. फ्रीझरमध्येच बिघाड झाला तर तोही पडणारच, आणि पडायलाच हवा. पण मग तेवढा एकच फ्रीझर बंद होतो आणि दोष कुठे आहे ते डीबी उघडल्याबरोबर दिसतं. आधी एकेक प्लग काढून शोधत बसावं लागायचं. बदल केल्यापासून ग्राइंडरमुळे फ्रीझर थांबलेला मला आठवत नाही. अर्थात हा एका किचनचा अनुभव आहे. तुमचं अर्थिंग आणि यंत्रं वेगळी असतील.

काही जण तिसरी वाट सुचवतात: फ्रीझर लीकेज संरक्षणातून बाहेरच काढायचा, किंवा त्याला 100 मिलिअँपिअरचा लावायचा. कृपा करून हे करू नका. 100 चा आगीच्या धोक्यासाठी ठीक, पण माणसाला वाचवायला 30 च हवा. पत्र्याची बॉडी, ओली फरशी आणि मासे धुतलेले ओले हात, असा तो फ्रीझर रोज उघडला जातो.

आरसीबीओ घ्यायचे ठरवलंत तर सी कर्व्हचे मागा. बी कर्व्ह रेटिंगच्या तिप्पट ते पाचपट करंटला झटक्यात पडतो, सी पाचपट ते दहापट. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा धक्का सी ला सोसतो. प्रत्येक फ्रीझरची न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) त्याच्याच आरसीबीओतून निघाली पाहिजे. दोघांच्या न्यूट्रल कुठे एकत्र आल्या तर दोष नसतानाही स्विच पडत राहतील आणि वायरमन फ्रीझरला दोष देईल. म्हणून परवानाधारक माणसाकडूनच काम करून घ्या आणि डीबीचं झाकण लागायच्या आत समोर उभं राहून प्रत्येक टेस्ट बटण दाबायला लावा: ज्याचं बटण दाबलं तेवढाच फ्रीझर बंद झाला पाहिजे.