सही झालेल्या पॉलिसीतला चुकीचा प्रीमियम : गाडीच्या विम्याचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

वॅगन आर ही गाडी ९९८ सीसी आणि ११९७ सीसी अशा दोन इंजिनांत मिळते. आमच्याकडे, इंदूरला, एमपी ०९ पासिंगची आहे ती ९९८ सीसीची. मागच्या नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनी बदलली. प्रस्ताव अर्ज भरताना आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, समोर ठेवून ९९८ हा आकडा मी स्वतः लिहिला, खाली सही केली आणि रक्कम भरली. पॉलिसी ईमेलने आली तेव्हा नोंदणी क्रमांक, चासी नंबर, मागील तीन दावारहित वर्षांचा ३५ टक्के नो क्लेम बोनस, सगळे बरोबर होते. मात्र घनक्षमतेच्या रकान्यात ११९७ छापलेले होते आणि मॉडेलच्या नावापुढे १.२ जोडलेले होते.

वरवर पाहता ही टंकलेखनाची चूक वाटते, पण विम्यात याच आकड्यावर दर ठरतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा, दर कंपनीच्या हातात नसतो. मोटार वाहन कायद्याच्या १४७ व्या कलमानुसार तो केंद्र सरकार विमा नियामकाशी विचारविनिमय करून ठरवते, आणि १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, तर १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये आहेत. म्हणजे १,३२२ रुपयांचा फरक, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की जवळपास १,५६० रुपये. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा, म्हणजे ओन डॅमेजचा, दर २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवू शकतात, पण तिथेही इंजिनाची क्षमता आणि मॉडेल हाच आधार असल्याने तोही भाग फुगलेला होता.

एजंट सभ्य मनुष्य आहे, पण त्याचे पहिले उत्तर ठरलेले होते : "काका, पॉलिसी आता इश्यू झाली आणि सही तुमचीच आहे. पुढच्या वर्षी रिन्यूअलला दुरुस्त करून घेऊ." ग्राहक सेवा केंद्रावरही हेच हिंदीत ऐकायला मिळाले. हे उत्तर मला मान्य नव्हते आणि आजही नाही. माझी सही प्रस्ताव अर्जावर आहे आणि त्या अर्जात ९९८ लिहिलेले आहे. ११९७ हा आकडा मी कधी कबूल केलेला नाही. शिवाय जो दर सरकारने ठरवून दिलेला आहे, तो दोघांनी सह्या केल्या तरी बदलू शकत नाही. भारतीय करार कायद्याचे ७२ वे कलम तर स्पष्टच सांगते की चुकीने मिळालेला पैसा ज्याला मिळाला त्याने तो परत करायचा असतो.

सुदामानगरला राहणाऱ्या आमच्या मेहुण्यांचे मत वेगळे पडले. मोठ्या इंजिनाची गाडी धरल्यामुळे आयडीव्ही, म्हणजे गाडीचे विम्यासाठी धरलेले मूल्य, वाढलेले होते. ते म्हणाले, "राहू द्या ना, गाडी चोरीला गेली तर जास्त पैसे मिळतील." ही समजूत बऱ्याच घरांत आहे, म्हणून इथे थोडे थांबून लिहितो. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून जास्त होऊन ती पूर्ण नुकसानीत धरली गेली, की कंपनी आरसी मागते. आरसीवर ९९८ आणि पॉलिसीवर ११९७ दिसल्यावर वाढीव मूल्य मिळणे दूरच, संपूर्ण दावा चौकशीत अडकण्याची भीती असते. प्रीमियम जास्त भरलेला असूनही अडचण आपल्यालाच, हे मला सर्वात अन्यायाचे वाटले, आणि पैशांपेक्षा याच कारणासाठी मी मागे हटलो नाही.

फोनवर बोलणे थांबवून मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. त्यात आरसीची प्रत, सही केलेला प्रस्ताव अर्ज, पॉलिसीचे पहिले पान आणि त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच नोंदणी क्रमांकासाठी ९९८ सीसीचे मॉडेल निवडून काढलेले कोटेशन जोडले. हे कोटेशन फार उपयोगी पडले, कारण ओन डॅमेजच्या भागावर "दर आमचा आम्ही ठरवतो" असे म्हणायला कंपनीला जागाच उरली नाही. पत्रात मागण्या दोनच ठेवल्या : योग्य क्षमता आणि मॉडेल दाखवणारे एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचे दुरुस्तीपत्र, आणि पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासूनचा पूर्ण फरक. दोन आठवड्यांत निकाल लागला नाही तर नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर आणि तिथेही समाधान न झाल्यास भोपाळच्या विमा लोकपालांकडे जाईन, असेही शांत शब्दांत लिहिले. लोकपालांकडे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही; मध्य प्रदेशाच्या तक्रारी भोपाळलाच ऐकल्या जातात.

उत्तर आले, पण अर्धवट. थर्ड पार्टीचे १,३२२ रुपये खात्यात जमा झाले, जीएसटी नाही आणि ओन डॅमेजचा फरकही नाही. मग बीमा भरोसावर तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीची भाषा बदलली. कुणीतरी जबाबदार अधिकारी स्वतः फोनवर आला, त्याने कागद वाचलेले होते, आणि पुढे करासह उरलेली रक्कम आणि ९९८ सीसी दाखवणारे एंडॉर्समेंट मिळाले. आयडीव्हीही खाली आली, आणि ती तशीच यायला हवी होती.

त्यानंतर पावसाळ्यात मागचा बंपर फुटला. सर्व्हेअरने गॅरेजमध्ये गाडी पाहताना आरसी आणि पॉलिसी शेजारी शेजारी धरून आकडे जुळवले, एंडॉर्समेंटचा क्रमांक टिपून घेतला आणि पुढे काही विचारले नाही. दावा वेळेत मंजूर झाला, झिरो डेप असल्याने प्लास्टिकच्या भागावर घसारा कापला गेला नाही. दाव्याच्या बाबतीत या कंपनीला मी मनापासून चांगले म्हणेन. विक्रीच्या वेळची तिची नोंद मात्र निष्काळजी आहे, आणि चूक दाखवल्यावर ग्राहकाच्या सहीकडे बोट दाखवण्याची सवय त्याहून वाईट.

एक गोष्ट अजून खटकते. कंपनीच्या ॲपवरून पॉलिसी डाउनलोड केली की आजही जुनेच पान येते, ११९७ असलेले. एंडॉर्समेंट वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते. म्हणून दोन्ही कागद छापून एकत्र गाडीत ठेवले आहेत. नूतनीकरणाआधी प्रीमियमची फोड लेखी द्या, त्यात घनक्षमता लिहिलेली हवी, असे शाखेला कळवले आहे; ती हातात आल्यावरच कंपनी ठेवायची की बदलायची हे ठरवेन.