कंपोस्ट-बायोगॅसमधलं शिकलेलं टाकायचं कुठे, ग्रुपवर की विकीवर?

पुण्यात ओला कचरा घरीच जिरवणारे, गच्चीवर भाजी लावणारे, पावसाचं पाणी बोअरला सोडणारे लोक काही कमी नाहीयेत, पण त्यांना जमलेलं सगळं पडलेलं असतं कुठे तर ग्रुपवर, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली. तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असेल आणि कुठे लिहू असा प्रश्न पडला असेल तर हे वाचा.

ग्रुपवर उत्तर लगेच मिळतं आणि तेही फोटो बघून, हे खरंच भारी आहे. भर जुलैत कोथरूडवरून कुणीतरी बादलीत वळवळणाऱ्या अळ्यांचा फोटो टाकतं, "शी, फेकून देऊ का सगळं?", आणि दहा मिनिटांत एखाद्या काकू लिहितात की अहो बीएसएफच्या (ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या) अळ्या आहेत त्या, त्यांचं काम करू देत, फक्त ओल जास्त झालीये तर सुका पालापाचोळा नाहीतर लाकडाचा भुसा घाला आणि खालीवर करा. विकीवर, म्हणजे कोणीही पानं लिहू-सुधारू शकेल अशा वेबसाइटवर, हे होणारच नाही, कारण ज्याला अळीचं नाव माहीत नाही तो सर्च काय करणार? पण पुढच्या पावसाळ्यात तोच फोटो, तोच प्रश्न, काकू वैतागलेल्या. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला १०२४ जणांची मर्यादा, आणि आतलं काही गूगलवर दिसत नाही. फेसबुकवर माणसं जास्त मावतात, पण प्रायव्हेट ग्रुप असेल तर बाहेरच्याला तेही बंदच.

आता विकी. लो-टेक, म्हणजे साध्यासोप्या तंत्राच्या, गोष्टींसाठी अ‍ॅप्रोपिडिया २००६ पासून आहे, विकिपीडियाचंच मीडियाविकी सॉफ्टवेअर वापरतं, त्यामुळे कोणी काय बदललं ते दिसतं आणि चुकीचं असेल तर आधीचं परत आणता येतं. मापं असलेली कुठलीही गोष्ट इथेच शोभते. आपल्याकडचंच उदाहरण घ्या, आनंद कर्वे यांच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेचा छोटा बायोगॅस, ज्याला शाश्वत ऊर्जेसाठीचा २००६ चा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला: प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या, एक दुसरीत उलटी, शेण फक्त सुरुवातीला आणि मग रोज उरलासुरला भात, पीठ, खराब फळं. कुठल्या टाकीत कुठली टाकी, पाइप किती उंचीवर, हे व्हॉइस नोटमध्ये सांगून बघा, समोरचा टाकी विकून टाकेल. त्यात हा गॅस आहे, अर्धवट फॉरवर्डवर कोणी प्रयोग करू नये असं मला तरी वाटतं.

विकीची अडचण म्हणजे अ‍ॅप्रोपिडियावर बहुतेक सगळं इंग्रजीत आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, पण तो ज्ञानकोश, तिथे "मी असं केलं" चालत नाही, संदर्भ लागतात. कृती लिहायची तर विकिबुक्स बघा, विकिपीडियाचंच भावंड, पुस्तकं आणि मार्गदर्शिका लिहायची जागा. आणि एक, अ‍ॅप्रोपिडियाचं किंवा विकिबुक्सचं लायसन्स असं आहे की तुमचं नाव देऊन कोणीही ते वापरू शकतो, अगदी धंद्यासाठीसुद्धा. हे खटकत असेल तर आधीच विचार करा, नंतर भांडून उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर स्वतःचंच कंपोस्ट अजून जमत नसेल, वास येतोय, चिलटं होतायत, तर ग्रुपच बरा. एकच उत्तर तुम्ही परत परत टाइप करत असाल तर मात्र एक रविवार काढून पान लिहाच, पण फोटो आणि मापांसकट. पहिला ड्राफ्ट मराठीतच लिहा, इंग्रजी नंतर कोणीतरी करेल, आणि लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका, कारण पिन केलेला मेसेज कोण वाचतंय.